बिलावर लिहून घेतलेली एक ओळ

डिसेंबर 2024 मध्ये मी नागपुरातून एक स्विस बनावटीचे स्वयंचलित घड्याळ विकत घेतले. त्याची छापील किंमत 2,35,000 रुपये होती. आमचे गाव वरुड तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये 31 वर्षे शिकवून मी त्याच वर्षी निवृत्त झाले. एवढ्या पैशांत बोअर, ठिबक किंवा घरावर एक खोली कशी झाली असती, हे मला अनेकांनी समजावून सांगितले. तो हिशेब मलाही ठाऊक होता आणि तो करूनच मी घड्याळ घ्यायचे ठरवले होते, म्हणून त्याबद्दल इथे लिहीत नाही. लिहायचे आहे ते खरेदीच्या व्यवहाराबद्दल. तेव्हापासून चार-पाच ओळखीच्या माणसांनी, त्यांत माझ्या दोन जुन्या सहकारी शिक्षिकाही आल्या, महागडे घड्याळ घ्यायचे आहे म्हणून मला फोन केले आणि प्रत्येकाचे पहिले दोन प्रश्न तेच होते: सूट किती मिळाली आणि सोबत काय दिले? घड्याळ बिघडले तर ते कुठे न्यायचे आणि कोणाच्या हाती द्यायचे, हे एकानेही विचारले नाही. पहिल्या दिवशी मीही ते विचारले नव्हते.

1990 साली आमचे लग्न झाले तेव्हा आमच्याकडे नवरदेवाला घड्याळ देण्याची रीत होती आणि माझ्या वडिलांनी जावयाला एचएमटीचे, रोज किल्ली द्यावी लागणारे घड्याळ दिले. मला पहिले घड्याळ मिळाले ते नोकरी लागल्यावर, माझ्या स्वतःच्या पगारातून. एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूरला घड्याळांचे उत्पादन सुरू केले आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत खेड्यापाड्यांतल्या मनगटांवर प्रामुख्याने तेच दिसे. पुढे सेलवर चालणारी घड्याळे आली, 1984 मध्ये स्थापन झालेल्या टायटनने बाजाराचे रूप बदलले आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय झाला, तरी माझ्या यजमानांचे घड्याळ आजही चालते. त्याचे सारे श्रेय तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळच्या एका टपरीत डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या घड्याळजींना आहे. त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यांत जुन्या घड्याळांचे सुटे भाग निवडून ठेवलेले असत, ते आपल्यासमोरच मागचे झाकण उघडत, काय झाले आहे ते दाखवत आणि दोन बाजारांनंतर या म्हणाले की घड्याळ त्या दिवशी तयार असे. चांगली सेवा कशाला म्हणायचे याचे माझ्या मनातले माप त्या टपरीत तयार झालेले आहे, आणि नागपूरच्या वातानुकूलित दालनांकडेही मी त्याच मापाने पाहिले.

महागड्या घड्याळांच्या बाबतीत हे टपरीचे गणित चालत नाही, कारण अनेक मोठ्या कंपन्या सुटे भाग फक्त आपल्या अधिकृत केंद्रांना देतात. स्वतंत्र कारागीर कितीही कसबी असला तरी त्याच्या हाती मूळ भागच येत नाही, आणि त्याने झाकण उघडलेले आहे हे लक्षात आल्यास कंपनी हमी नाकारू शकते. शिवाय सेलवरच्या घड्याळात सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा गारगोटीचा छोटा तुकडा वेळ राखतो आणि बराच काळ त्याच्याकडे पाहावेही लागत नाही. स्वयंचलित घड्याळ मात्र हाताच्या हालचालीने स्वतःला किल्ली देत राहते, त्यात शंभराच्या वर लहान लहान भाग असतात, त्यांतले तेल कालांतराने सुकते आणि काही वर्षांनी ते पूर्ण खोलून, धुऊन, पुन्हा जुळवावे लागते. ओमेगासारखी कंपनी त्यासाठी पाच ते आठ वर्षांची मुदत सुचवते, रोलेक्स साधारण दहा वर्षे सांगते. असे घड्याळ विकत घेणारा माणूस त्या वस्तूबरोबर पुढच्या वीस-तीस वर्षांची देखभालही पत्करत असतो. दुकानाशी जे बोलायचे ते मुख्यतः या देखभालीबद्दल, हे मला तीन दुकाने पालथी घातल्यावर उमगले.

पहिले दुकान एका मोठ्या व्यापारी संकुलात होते. दिवाळीच्या आधीचा आठवडा असल्यामुळे दारातच योजनांचा फलक होता: चांदीचे नाणे, परदेशी बनावटीचे पेन, छत्री, पुढच्या खरेदीसाठी गुण. आम्हाला बसायला मऊ खुर्च्या दिल्या, कॉफी आणि सुक्या मेव्याची वाटी आली, आणि मग तिथला तरुण माझ्या यजमानांकडे वळून म्हणाला, “सर, मॅडमसाठी बजेट काय ठरवलं आहे?” यजमान म्हणाले, “घड्याळ हिला घ्यायचं आहे, पैसेही हिचेच आहेत, तुम्ही हिच्याशी बोला.” तरीसुद्धा पुढचा अर्धा तास तो त्यांच्याशीच बोलत राहिला आणि माझ्यापुढे एकामागून एक शिंपल्याच्या तबकडीची, खडे जडवलेली, सेलवर चालणारी नाजूक घड्याळे मांडत राहिला. मला अंक ठळक हवे होते, तबकडी साधारण 34 ते 36 मिलिमीटरची हवी होती आणि यंत्र स्वयंचलित हवे होते, हे मी तीनदा सांगितले. त्या तरुणाला मी दोष देत नाही, बहुधा त्याला तसेच शिकवले असावे. पण वर्गात एखादे मूल काय म्हणते आहे ते न ऐकता पुढचा धडा सुरू करणारा शिक्षक मला जसा खटकतो, तसेच ते मला खटकले. कॉफी चांगली होती.

तिथेच आणखी एक गोष्ट हळू आवाजात सुचवण्यात आली. पक्के बिल नको असेल आणि पैसे रोख, दोन-तीन दिवसांत विभागून द्यायची तयारी असेल, तर आणखी बरेच कमी करता येईल, असे तिथल्या वरिष्ठाने सांगितले. एकाच व्यवहारासाठी दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने 1 एप्रिल 2017 पासून बंदी आहे आणि रक्कम तुकड्यांत दिल्याने व्यवहार वेगळा होत नाही. दोन लाखांवरच्या खरेदीसाठी पॅन क्रमांक द्यावा लागतो. एप्रिल 2025 पासून तर दहा लाखांपेक्षा महाग मनगटी घड्याळावर विक्रेता एक टक्का कर वसूल करून तो ग्राहकाच्या पॅनवर जमा करतो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, बिल नाही म्हणजे खरेदीची तारीख नाही, तारीख नाही म्हणजे हमी नाही आणि उद्या तक्रार करायची वेळ आली तर ग्राहक असल्याचा पुरावाही नाही. जी सूट घेताना हे सगळे हातचे जाते तिला सूट म्हणणे मला पटत नाही. आम्ही कॉफीचे आभार मानून उठलो.

दुसऱ्या दुकानात वागणूक आदबशीर होती. मला जे घड्याळ आवडले होते ते त्यांच्याकडे येते, पण थोडेच नग येतात, असे त्यांनी सांगितले. नाव नोंदवून ठेवू, म्हणाले, मात्र “आमच्याकडे आधी काही खरेदी झालेली असेल तर लवकर नंबर लागतो”, आणि असे म्हणताना त्यांनी माझ्यासमोर एक दुसरे, न खपलेले घड्याळ आणि एक सोनेरी कड्याचा दागिना ठेवला. यजमान माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, “हे तं लिंकिंग झालं.” लिंकिंग म्हणजे काय हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ऐन हंगामात डीएपीची किंवा युरियाची गोणी पाहिजे असेल तर तिच्यासोबत न लागणारी औषधाची बाटली किंवा सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी घ्यावी लागते, आणि अशी सक्ती करू नये असे कृषी विभाग वारंवार बजावत असूनही ती होत असते. रोलेक्सच्या पोलादी डेटोनासारख्या दुर्मीळ घड्याळांसाठी जगभर ग्राहक प्रतीक्षा यादीत असतात आणि आधीच्या खरेदीवर विक्रेत्याचे लक्ष असते, हे मी वाचले होते. ज्याला तेच एक घड्याळ हवे आहे आणि ज्याच्याकडे वेळ व पैसा दोन्ही आहे, त्याने ते जरूर करावे. पण नको असलेली वस्तू घेऊन मिळवलेला क्रमांक ही ग्राहकाला दिलेली सवलत आहे, असे मला कोणी पटवू शकणार नाही.

त्यांनी इसारही मागितला होता. आमच्याकडे संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला बोलीवर देताना इसार घेतला जातो, पण तिथे झाडावर फळ डोळ्यांना दिसत असते आणि माल कधी तोडायचा याची बोली ठरलेली असते. इथे नग कधी येणार, न आल्यास पैसे परत मिळणार की त्या रकमेची दुसरी वस्तू घ्यावी लागणार, यांपैकी काहीच पावतीवर लिहायला ते तयार नव्हते. इसार द्यायचाच असेल तर मॉडेलचा क्रमांक, मुदत आणि परताव्याची अट पावतीवर असल्याशिवाय देऊ नये.

तिसरे दुकान जुन्या वस्तीतले, तुलनेने लहान. काउंटरवर काटोलकडची एक मुलगी होती, पंचविशीतली. तिने घड्याळ दाखवण्याआधी प्रश्न विचारले. “काकू, रोज घालणार की कार्यक्रमाला? राहता कुठे? हाताला पाणी, माती लागते का? रात्री काढून ठेवता का?” मी रोज घालणार आहे, बगिच्यात जाते आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, हे ऐकल्यावर तिने चामड्याच्या पट्ट्याची दोन सुंदर घड्याळे स्वतःहून बाजूला ठेवली, कारण घामाने ते चामडे एका उन्हाळ्यात कुजते. तबकडीवर 30 मीटर लिहिले आहे म्हणजे तेवढ्या खोल पाण्यात घालता येते असे नसून हात धुताना उडालेल्या शिंतोड्यांपुरतेच ते पुरते, हे तिने सांगितले आणि 100 मीटरवाले घ्यायला सुचवले. पाणी रोखणारी रबराची चकती दर काही वर्षांनी बदलावी लागते, हेही तिनेच सांगितले. मग मी तिला तो प्रश्न विचारला जो आधीच्या दोन दुकानांत विचारायचा राहिला होता: हे बिघडले तर? ती म्हणाली, “लहान काम इथे होतं, आमचे कारागीर आहेत मागे. यंत्र खोलायचं असेल तर मुंबईला जातं आणि सहा ते आठ आठवडे लागतात. लवकर मिळेल असं मी सांगणार नाही.” ज्या दुकानात उशीर लागेल हे विक्रीच्या आधी सांगितले जाते तिथे खरेदी करावी, असे मी त्या क्षणी ठरवले.

किंमतीबद्दल थोडे सांगते, कारण सूट कुठून येते हे समजल्याशिवाय घासाघीस नीट करता येत नाही. मी घेतले तेव्हा स्विस घड्याळावर 20 टक्के मूळ आयात शुल्क आणि 18 टक्के जीएसटी होता, आणि हे सगळे छापील किंमतीत धरलेले असते. छापील किंमतीपेक्षा जास्त घेणे बेकायदा आहे, कमी घेणे विक्रेत्याच्या हातात आहे. ती सूट तो स्वतःच्या नफ्यातून देतो, त्यामुळे मागणी असलेल्या घड्याळावर काहीच मिळत नाही आणि पडून राहिलेल्यावर बरेच मिळते. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांच्या ‘एफ्टा’ गटामध्ये मार्च 2024 मध्ये झालेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आहे आणि त्यानुसार स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. तेव्हा पुढच्या काळात किंमत आयात शुल्कामुळे उतरली की दुकानदाराने सोडली, हे ग्राहकाने वेगवेगळे पाहायला हवे.

मालकांनी मला दोन पर्याय दिले. आठ टक्के सूट, म्हणजे 18,800 रुपये, आणि विषय संपला. किंवा पाच टक्के, म्हणजे 11,750 रुपये, आणि वर एक कापडी पट्टा व भेटीचा संच. भेटीच्या संचात चामड्याची प्रवासी डबी आणि पेन होते. मी विचारले की यंत्र पूर्ण खोलून साफ करायला आज किती घेता. त्यांनी पंधरा ते वीस हजारांच्या दरम्यानचा आकडा सांगितला. तेव्हा मी म्हटले की भेटीचा संच नको, पाच टक्के सूट आणि पट्टा द्या, आणि त्या संचाऐवजी पाच वर्षांच्या आत एकदा संपूर्ण सर्व्हिसिंग तुमच्या खर्चाने करून द्या. म्हणजे 7,050 रुपयांची सूट सोडून मी त्याच्या दुप्पट मोलाचे काम मागत होते. मालक बराच वेळ गप्प राहिले, काउंटरवरच्या त्या मुलीशी बोलले आणि तयार झाले. हमी दोनच वर्षांची होती. काही कंपन्या आता पाच आणि नोंदणी केल्यास आठ वर्षांपर्यंतही हमी देतात, पण हमी ही यंत्रातल्या दोषासाठी असते, तेल सुकल्यावर करायच्या देखभालीसाठी नसते. हा फरक मला त्या मुलीने समजावला होता.

शाळेत 31 वर्षे हजेरीपट आणि पोषण आहाराच्या नोंदी ठेवल्यामुळे तोंडी बोलण्यावर थांबायची मला सवय नाही. बिलावर हाताने एक ओळ लिहून घेतली: “खरेदीपासून 5 वर्षांच्या आत एक संपूर्ण सर्व्हिसिंग विनामूल्य”, खाली सही, शिक्का आणि तारीख. हमीपत्रावरचा क्रमांक घड्याळाच्या मागच्या झाकणावरच्या क्रमांकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला, कारण कंपनीच्या अधिकृत विक्रीच्या बाहेरून आलेल्या नगाला ती हमी लागू होत नसते. पोलादी पट्ट्याच्या काढलेल्या तीन कड्या आणि त्यांच्या पिना मोजून घेतल्या. पैसे वरुडच्या बँकेतून आरटीजीएसने पाठवले आणि ते जमा झाल्याचे दिसल्यावरच घड्याळ हातात आले, त्यासाठी दुसऱ्यांदा जावे लागले, त्याचे मला काही वाटले नाही. मात्र एक गोष्ट मी लिहून घेतली नाही. “तुम्हाला खेड्यातून यायला नको, काही झालं तर आम्ही माणूस पाठवून घड्याळ नेऊ आणि आणून देऊ,” असे मालक निरोप देताना दारापर्यंत येऊन म्हणाले होते, आणि ते इतक्या आपुलकीने म्हणाले होते की त्यासाठी पुन्हा कागद पुढे करणे मला बरे वाटले नाही.

मे महिन्यात पट्टा घट्ट होऊ लागला. माप डिसेंबरच्या थंडीत घेतले होते, आणि उन्हाळ्यात मनगट सुजते हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. संध्याकाळी मनगटावर लाल वळ उठायचा. एका कडीसाठी शंभर किलोमीटर जायचे का, असा विचार करत मी त्या मुलीला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तिने जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल केला, बकलच्या बाजूला असलेली तीन बारीक छिद्रे दाखवली आणि पिन टाचणीने दाबून एक घर पुढे कशी सरकवायची ते माझ्याकडून करवून घेतले. पिन उडून हरवू नये म्हणून हात ताटात धरायला तिने सांगितले. दहा मिनिटांत पट्टा सैल झाला. या दहा मिनिटांची नोंद दुकानाच्या कोणत्याही योजनेत नव्हती आणि तिला त्याचे वेगळे काही मिळालेही नसेल, पण त्या खरेदीत मला मिळालेल्या सगळ्या गोष्टींत मी ती सर्वांत वर ठेवते.

ऑगस्टमध्ये घड्याळ पुढे जाऊ लागले. चांगल्या स्वयंचलित यंत्राची स्वित्झर्लंडमध्ये स्वतंत्र संस्थेकडून तपासणी होते, त्यात दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढीच चूक चालते. माझे घड्याळ त्या तपासणीतले नसले तरी आठ महिने दिवसाला आठ-दहा सेकंदांच्या आत राहत होते, ते अचानक दिवसाला सात मिनिटे पुढे जाऊ लागले. मी रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळेशी ताडून वहीत नोंद केली आणि पाचव्या दिवशी दुकानात फोन लावला. ती मुलगी नोकरी सोडून गेली होती. नव्या व्यवस्थापकांनी सांगितले की माणूस पाठवण्याची अशी कोणतीही सोय दुकानात नाही, आणि मालकांशी बोलू देण्याची माझी विनंती “ते बाहेरगावी आहेत” म्हणून दोनदा टाळली. कुरियरने पाठवा, म्हणाले. तालुक्याच्या कुरियरवाल्याने एवढ्या किंमतीची वस्तू, ती किंमत कागदावर नोंदवून घ्यायला नकार दिला. किंमत न नोंदवता पाठवली आणि ती हरवली, तर मागायचे काय?

मग आम्ही दोघे सकाळच्या एसटीने काटोलमार्गे नागपूरला गेलो. काउंटरवर घड्याळ उघडूनही न पाहता मला एक अर्ज दिला गेला: कंपनीकडे पाठवावे लागेल, आठ आठवडे, आणि “बाहेरचे कारण” निघाले तर खर्च ग्राहकाचा. मी वही पुढे केली, दररोजचा फरक दाखवला आणि विनंती केली की आधी मागे बसणाऱ्या कारागिरांनी ते एकदा वेळ मोजायच्या यंत्रावर लावून पाहावे. थोड्या कुरबुरीनंतर ते बाहेर आले. साठीचे गृहस्थ, डोळ्यावर तसेच भिंग. त्यांनी वहीकडे पाहिले, खिशातून होकायंत्र काढले आणि घड्याळ जवळ नेताच त्याची सुई फिरली. “बाई, लोहचुंबक लागला आहे याला. पर्सला बटण कोणतं आहे तुमच्या?” माझ्या पर्सला चुंबकाचे बटण होते आणि रात्री मी घड्याळ तिच्यातच ठेवत होते. चुंबकामुळे आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावते, हे त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितले. एका छोट्या निळ्या पेटीवर त्यांनी ते दोन वेळा धरले, यंत्रावर लावून दाखवले, आकडा दिवसाला पाच सेकंदांवर आला. सगळे मिळून चार मिनिटेही लागली नाहीत. काही घड्याळांत आता सिलिकॉनची स्प्रिंग असते, तिला चुंबक बाधत नाही, हेही त्यांनी जाता जाता सांगितले.

मी त्या दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण तिथेच ती मुलगी होती आणि तिथेच हे कारागीरही आहेत. पण आठ आठवडे आणि चार मिनिटे यांच्यामधला फरक केवळ माझ्या वहीमुळे आणि हट्टामुळे पडला, हे मला मनापासून लागले. दर्शनी भागात मऊ खुर्च्या आणि कॉफी ठेवायची आणि ज्या माणसामुळे दुकानावर विश्वास बसतो त्याला पडद्यामागे, पंख्याच्या आवाजात बसवायचे, ही मांडणीच चुकीची आहे. घड्याळ घेणाऱ्याने खरेदीच्या दिवशीच त्या पडद्यामागच्या माणसाला भेटायला मागावे, त्याच्याकडे वेळ मोजायचे यंत्र आणि पाण्याच्या दाबाची चाचणी करायचे साधन आहे का ते पाहावे. दुकान भेटू देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

त्या दिवशी मी व्यवस्थापकांना बिलावरची ओळ दाखवली. त्यांचा स्वर बदलला. “हे आहे ना लिहिलेलं, मग हे करूच,” असे ते म्हणाले आणि त्यांनी ती नोंद माझ्यासमोर संगणकात घेतली. माणूस पाठवण्याच्या आश्वासनाबद्दल त्यांनी खांदे उडवले, आणि त्यात त्यांचा तरी काय दोष. ते तेव्हा तिथे नव्हते आणि ते कुठे लिहिलेलेही नव्हते. आमच्यासारख्या लांबच्या ग्राहकांना हे समजून ठेवणे फार गरजेचे आहे, की काउंटरवरची माणसे बदलतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही जातात. लिहिलेले पाळले गेले नाही तर मात्र आता नागपूरच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. जुलै 2020 मध्ये लागू झालेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याचा हक्क दिला आहे, म्हणजे माझ्यासाठी अमरावतीचा जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही. तक्रार, तिचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. मला तिथपर्यंत जावे लागले नाही, पण हे ठाऊक असल्यामुळे त्या काउंटरवर माझा आवाज कापला नाही.

परत येताना एसटीत त्या मुलीला फोन लावला. ती आता दुसऱ्या दुकानात आहे. पर्सच्या बटणाचे ऐकून ती आधी हळहळली, “मी विचारायला हवं होतं काकू, रात्री काढून ठेवता का ते विचारलं, कशात ठेवता ते विचारलं नाही,” असे म्हणाली आणि यापुढे प्रत्येक ग्राहकाला विचारीन, म्हणाली. माझ्या दोन्ही सहकारी मैत्रिणींना मी तिचाच नंबर, तिची परवानगी घेऊन, दिला आहे.

घड्याळ आता रात्री पितळेच्या वाटीत असते. बिलाच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक माझ्या लेकीकडे पुण्याला आहे, एक घड्याळाच्या डबीत आणि मूळ बिल सात-बाराच्या उताऱ्यांच्या फाइलमध्ये. फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: सर्व्हिसिंग, डिसेंबर 2029 च्या आत. नेताना कारागीर आहेत का, ते आधी फोन करून विचारणे.